पिवळे ठिपके आणि तुमचं नाव : घरच्या प्रिंटरच्या छुप्या खुणा कशा शोधायच्या, कशा वाचायच्या आणि त्यांचं काय करायचं

रंगीत लेझर प्रिंटरवर नुकताच छापलेला एक कागद घ्या. खोलीत अंधार करा, कागदावर निळ्या एलईडीचा झोत पाडा आणि भिंगातून त्याच्या कोऱ्या भागाकडे बघा. उजेडात जिथे काहीच नव्हतं, तिथे टाचणीच्या टोकाहूनही बारीक काळे ठिपके दिसू लागतात. ते धुळीसारखे विखुरलेले नसतात. ओळीत, रकान्यांत बसवलेले असतात आणि तीच रचना थोड्या थोड्या अंतरावर पुन्हा पुन्हा येते. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा आधी भिंग पुसलं, मग कागद बदलला. ठिपके होते तिथेच होते.

त्या ठिपक्यांत बहुधा तुमच्या यंत्राचा अनुक्रमांक असतो, आणि बऱ्याच यंत्रांत छपाईची तारीख-वेळही. नाव मात्र नसतं. ते कुठून जोडलं जातं, हाच खरा प्रश्न आहे आणि या लेखाचा बराचसा भाग त्याच्यावरच खर्च केला आहे. ठिपके पुसायच्या युक्त्या सगळे विचारतात. त्या शेवटी येतील, कारण उपयोगाच्या क्रमात त्या शेवटीच आहेत.

हे आलं कुठून

१९८०च्या दशकात रंगीत फोटोकॉपी यंत्रं बाजारात पसरू लागली, तेव्हा सरकारांना धास्ती वाटली ती खोट्या नोटांची. झेरॉक्स कंपनी (आपल्याकडे यंत्रालाच तिचं नाव पडलं आहे, म्हणून 'कंपनी' असं मुद्दाम म्हणतो) आणि कॅनन यांनी त्यावर उपाय म्हणून प्रत्येक छापील पानावर यंत्राची ओळख फिक्या पिवळ्या ठिपक्यांत उमटवायची सोय केली. पिवळाच रंग का? पांढऱ्या कागदावर पिवळा डोळ्याला जवळजवळ दिसत नाही आणि चार रंगांच्या छपाईत तो यंत्रात आयताच असतो.

जवळपास वीस वर्षं याचा बाहेर फारसा गवगवा झाला नाही. २००४ मध्ये नेदरलँड्समधल्या पोलिसांनी बनावट छपाईच्या तपासात या खुणांचा वापर केल्याचं बाहेर आलं आणि चर्चा सुरू झाली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २००५ मध्ये, इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने झेरॉक्सच्या डॉक्युकलर मालिकेतली सांकेतिक रचना उलगडून जाहीर केली. अशी व्यवस्था आहे हे अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसनेही तेव्हा मान्य केलं. पुढे युरोपीय आयोगाला याबद्दल प्रश्न विचारला गेला. या खुणांवरून माणूस ओळखता येत असेल, तर खासगीपणाच्या हक्काचा भंग होऊ शकतो, अशा अर्थाचं उत्तर आलं. यंत्रं तशीच विकली जात राहिली.

इथे एक गल्लत हमखास होते. नोट स्कॅनरवर ठेवली की काही यंत्रं कॉपी करायला नकार देतात, ती करामत या ठिपक्यांची नव्हे. ती नोटेवरच छापलेल्या पाच छोट्या वर्तुळांच्या नक्षीमुळे घडते. मार्कुस कून या संगणकशास्त्रज्ञाने २००२ मध्ये ती नक्षी ओळखली आणि तिला युरियन असं नाव दिलं. ती खूण नोटेवर असते आणि यंत्र ती वाचतं. आपले ठिपके यंत्र स्वतः लिहितं.

आधी यंत्राची जात ओळखा

सगळ्यात आधी हे करा, कारण अर्ध्या वाचकांचं काम इथेच संपेल.

रंगीत लेझर किंवा रंगीत एलईडी प्रिंटर, म्हणजे पावडरीचा टोनर वापरणारा आणि पिवळ्या, किरमिजी, निळसर, काळ्या अशा चार कार्ट्रिजचा: याच्यावर ठिपके आहेत असं धरूनच चाला. ज्या संस्थेने संकेत फोडला तिने पूर्वी कोणत्या मॉडेलवर ठिपके दिसतात आणि कोणत्यावर नाहीत याची यादी ठेवली होती. पुढे तिनेच सांगितलं की अलीकडची सगळीच रंगीत लेझर यंत्रं काही ना काही खूण उमटवत असावीत आणि ती पिवळ्या ठिपक्यांचीच असेल असं नाही. म्हणून जुन्या यादीत 'ठिपके नाहीत' असं लिहिलेलं यंत्र शोधत बसण्यात अर्थ नाही.

फक्त काळं छापणारा लेझर प्रिंटर: यात पिवळा टोनरच नाही, त्यामुळे पिवळे ठिपके नाहीत. पण म्हणून कागद मुका आहे असं समजू नका. लेझर प्रिंटरमधल्या ड्रमवर, म्हणजे फिरत्या दंडगोलावर, एखादा ओरखडा असेल, तर दर फेऱ्याला तो कागदावर ठरावीक अंतराने पुन्हा उमटतो. ड्रमचा व्यास २४ मिलिमीटर असेल तर डाग साधारण ७५ मिलिमीटरवर पुन्हा येतो, ३० असेल तर साधारण ९४ वर. दुरुस्ती करणारे तंत्रज्ञ याच अंतरावरून कोणता भाग बिघडला ते सांगतात, आणि न्यायवैद्यक तपासणारे त्यावरूनच 'हे पान या यंत्राचं' असं म्हणू शकतात. फरक एवढाच की त्यासाठी संशयित यंत्र हाताशी लागतं. नुसत्या कागदावरून अनुक्रमांक कळत नाही.

इंकजेट: घरांत सर्वांत जास्त असतो तो हाच. लेझर यंत्रांत जशी ठिपक्यांची जाळी उघडकीला आली, तशी घरगुती इंकजेटबाबत उलगडलेली नाही. 'पिवळी शाई संपली की काळंही छापत नाही, म्हणजे नक्की ठिपक्यांसाठीच अडवतो' हा तर्क मी अनेकदा ऐकला आहे. तो टिकत नाही. इंकजेट काळा गडद करायला रंगीत शाई मिसळतो, छपाईचं डोकं सुकू नये म्हणून सगळ्या शाया थोड्या थोड्या वाहत्या ठेवतो, आणि शाई विकण्यात कंपनीचा स्वार्थ असतो तो वेगळाच. इंकजेटवाल्यांनी ठिपक्यांपेक्षा पुढच्या 'नंबराला नाव कुठे चिकटतं' आणि 'संगणक आणि प्रिंटरच्या पोटातल्या नोंदी' या भागांची काळजी जास्त करावी.

पायरी १ : डोळ्याने बघा

चाचणीचं पान नीट तयार करा. पूर्ण कोरं पान छापायला पाठवू नका, कारण काहीच छापायचं नसेल तर यंत्र ठिपकेही टाकत नाही असं होऊ शकतं. पानाच्या एका कोपऱ्यात लहानसा रंगीत चौकोन ठेवा, दोन ओळी काळा मजकूर टाका, बाकी सगळं पांढरं. रंगीत मोडमध्येच छापा. त्याच गठ्ठ्यातला एक न छापलेला कागदही बाजूला काढा. तुलनेला तो लागतोच, नाहीतर कागदातल्या तंतूंनाच तुम्ही संकेत समजाल.

निळा प्रकाश का, ते कळलं तर शोधणं सोपं होतं. पिवळा रंग निळा प्रकाश गिळतो. पांढऱ्या उजेडात पिवळा ठिपका कागदात मिसळून जातो. निळ्या उजेडात कागद निळा उजळतो आणि ठिपका काळा पडतो. साधी निळी एलईडी टॉर्च पुरते. नोटा तपासायची अतिनील टॉर्च ही वेगळी वस्तू आहे. तिने कागदातली पांढरेपणा वाढवणारी द्रव्यं चमकू लागतात आणि गोंधळ वाढतो. भिंग दहापट असलं तर उत्तम. ठिपका सुमारे ०.१ मिलिमीटरचा आणि दोन ठिपक्यांतलं अंतर साधारण १ मिलिमीटर, त्यामुळे साध्या वाचनाच्या भिंगाने डोळे ताणावे लागतात.

दिसले नाहीत तर लगेच 'माझ्या प्रिंटरला नाहीत' असं ठरवू नका. पुढची पायरी जास्त भरवशाची आहे.

पायरी २ : स्कॅनरने बघा

पान ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करा. ३०० वरही दिसतात, पण कडा विरघळतात. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये पार्श्वभूमी पांढरी करणं, धूळ काढणं, आपोआप उजळपणा अशा ज्या 'सुधारणा' असतात त्या सगळ्या बंद करा. आपल्याला जे हवं तेच त्या पुसून टाकतात. फाइल टिफ किंवा पीएनजी स्वरूपात ठेवा. जेपेग नको, कारण जेपेग दाबताना रंगांचा बारकावा सर्वांत आधी टाकून देतं, आणि फिका पिवळा ठिपका म्हणजे निव्वळ रंगाचा बारकावा.

आता फाइल गिम्पसारख्या मोफत प्रतिमा-संपादकात उघडा आणि तिचे लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनेल वेगळे करा. निळ्या चॅनेलची करडी प्रतिमा मोठी करून बघा. हलका करडा अजून डोळ्यांत भरत नसेल तर कॉन्ट्रास्ट वाढवा किंवा थ्रेशोल्ड (कोणत्या छटेपुढचं सगळं पांढरं धरायचं ती मर्यादा) हळूहळू सरकवा, कधीतरी जाळी एकदम वर येते. मग तीच जागा लाल चॅनेलमध्ये बघा. ठिपका लाल चॅनेलमध्येही तितकाच काळा असेल तर तो धूळ, कचरा किंवा काळ्या टोनरचा शिंतोडा. फक्त निळ्यात दिसत असेल तर तो पिवळा. शेवटी कोऱ्या कागदाचा स्कॅन त्याच मापांनी तपासा. मी ही तुलना पहिल्या खेपेला केली नव्हती आणि स्कॅनरच्या काचेवरच्या डागांना अर्धा तास गुप्त संकेत समजत बसलो होतो.

एका ठशात, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका रचनेत, ८ गुणिले १६ ठिपक्यांची जागा असेल तर तो साधारण ४ चौरस सेंटिमीटरमध्ये मावतो आणि ए-४ कागदावर सुमारे १५० वेळा येतो. म्हणून पान फाडून चतकोर तुकडा कुणाला दिला तरी त्यावर पूर्ण ठसे उरतात. कोपरा कापून टाकणं, समासावर रेघोट्या ओढणं असल्या उपायांची किंमत यावरून कळेल.

पायरी ३ : वाचून बघा

प्रत्येक कंपनीचा संकेत उलगडलेला नाही. पण डॉक्युकलरचा उलगडलेला आहे आणि तो एकदा समजला की बाकीच्यांची कल्पना येते.

त्यात १५ उभे रकाने आणि ८ आडव्या ओळी. सर्वांत वरची ओळ आणि सर्वांत डावा रकाना पडताळणीसाठी राखलेले, जेणेकरून प्रत्येक रकान्यातल्या आणि सर्वांत वरची सोडून प्रत्येक ओळीतल्या ठिपक्यांची संख्या विषम यावी. उरलेल्या सात ओळींना वरून खाली ६४, ३२, १६, ८, ४, २, १ अशा किमती. ठिपका असेल तिथली किंमत घ्या आणि बेरीज करा. दुसरा रकाना मिनिटांचा, पाचवा तासाचा, सहावा दिवसाचा, सातवा महिन्याचा, आठवा वर्षाचे शेवटचे अंक. दहावा पूर्ण भरलेला, म्हणजे नुसता दुभाजक. अकरा ते चौदा हे रकाने अनुक्रमांकाचे, प्रत्येकात दोन अंक, आणि ते उजवीकडून डावीकडे वाचायचे.

समजा पाचव्या रकान्यात ८, ४ आणि २ च्या जागी ठिपके आहेत. बेरीज १४, म्हणजे दुपारचे दोन. ठिपके तीन, आधीच विषम, म्हणून वरची पडताळणीची जागा रिकामी. दुसऱ्या रकान्यात १६ आणि ४. बेरीज २०, ठिपके दोनच, म्हणून वर एक जास्तीचा ठिपका. वेळ झाली दोन वाजून वीस मिनिटं. ही वेळ यंत्राच्या स्वतःच्या घड्याळाची असते. घड्याळ चुकीचं लावलेलं असेल तर ठिपकेही तितकेच चुकीचे सांगतात.

तुमचं यंत्र दुसऱ्या कंपनीचं असेल तर एक घरगुती प्रयोग करा. तेच पान एकदा छापा, वीसेक मिनिटांनी पुन्हा छापा, दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा छापा. तिन्ही निळ्या चॅनेल एकावर एक ठेवून बघा. जे ठिपके हलले ते बहुधा वेळेचे, जे हलले नाहीत ते यंत्राचे. एकही हलला नाही तर त्या संकेतात वेळ नसावी. जर्मनीतल्या ड्रेस्डेन तांत्रिक विद्यापीठाच्या संशोधकांनी १८ कंपन्यांच्या १०६ मॉडेलांच्या छपाईचा अभ्यास करून चार निरनिराळ्या पद्धती शोधल्या आणि २०१८ मध्ये 'डेडा' नावाचं मोफत साधन प्रसिद्ध केलं. तुमचा स्कॅन त्याला दिला आणि पद्धत त्याच्या ओळखीची असली, तर ते सरळ अनुक्रमांक वाचून दाखवतं. यंत्राच्या मागच्या पट्टीवरच्या क्रमांकाशी तो ताडून बघा.

आणि हो, टोनर बदलून, ड्रायव्हर बदलून, विंडोजऐवजी लिनक्सवरून छापून काही फरक पडत नाही. ठिपके यंत्राचं स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, टाकतं, संगणकाला त्याचा पत्ताही नसतो. फॅक्टरी रिसेटने अनुक्रमांक बदलत नाही.

नंबराला नाव कुठे चिकटतं

या विषयात रिअॅलिटी विनर हिचं उदाहरण नेहमी दिलं जातं. अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीसाठी कंत्राटावर काम करणाऱ्या या तरुणीने एक गोपनीय अहवाल छापून 'द इंटरसेप्ट' या वृत्तसंस्थेला टपालाने पाठवला. जून २०१७ मध्ये त्यांनी तो स्कॅन करून प्रसिद्ध केला आणि बाहेरच्या तज्ज्ञांनी त्यावरचे पिवळे ठिपके वाचले: ९ मे २०१७, सकाळी ६ वाजून २० मिनिटं, आणि यंत्राचा क्रमांक. 'ठिपक्यांनी पकडून दिलं' ही गोष्ट तेव्हापासून रूढ झाली.

पण क्रम बघा. तिला अटक झाली ३ जूनला. बातमी आली ५ जूनला. तपास करणाऱ्यांना पानांच्या प्रतीवर घड्यांच्या खुणा दिसल्या आणि हा कागद छापून बाहेर नेलेला आहे हे कळलं. कार्यालयाच्या नोंदींत तो अहवाल सहा जणांनी छापल्याचं निघालं. त्या सहांपैकी एकीच्या कामाच्या संगणकावरून त्या वृत्तसंस्थेशी ईमेलने संपर्क झालेला होता. ठिपके नसते तरी काही चुकलं नसतं. तिला २०१८ मध्ये ५ वर्षं ३ महिन्यांची शिक्षा झाली.

म्हणजे ठिपका देतो तो नंबर. नाव देतात त्या नोंदी, आणि घरच्या प्रिंटरच्या बाबतीत त्यातल्या बहुतेक नोंदी आपण स्वतःच्या हाताने भरतो.

पायरी ४ : नंबर आणि नाव यांची गाठ सोडवा

कागद घ्या आणि तुमच्या प्रिंटरचा अनुक्रमांक आजवर कुणाकुणाकडे गेला ते लिहून काढा. ऑनलाइन खरेदीची पावती. वॉरंटीसाठी भरलेला फॉर्म. कंपनीचं अॅप सुरू करताना उघडलेलं खातं. दुरुस्तीला दिला तेव्हाची नोंद. शाईची मासिक वर्गणी, जिच्यात किती पानं छापली याचा हिशोब कंपनीकडे जातो आणि खात्यावर नाव-पत्ता असतोच. ही यादी करताना मला माझीच चार खाती आठवली.

जुनं सगळं पुसता येत नाही, पण पुढचं थांबवता येतं. बऱ्याच प्रिंटरना कंपनीचं अॅप लागतच नाही. यूएसबी केबलने जोडा किंवा ऑपरेटिंग सिस्टीममधूनच 'प्रिंटर जोडा' म्हणा, खातं न उघडता काम होतं. काही मॉडेल स्वस्त मिळतात ती कायम इंटरनेट आणि खातं हवं या अटीवरच. अशा मॉडेलच्या खोक्यावर बारीक अक्षरांत ते लिहिलेलं असतं, घेण्याआधी वाचा. खातं आधीच उघडलं असेल तर त्यातून प्रिंटर काढून टाका, वापराची माहिती पाठवण्याची संमती बंद करा, आणि नको असेल तर खातं हटवण्याची मागणी करा.

नवं यंत्र घ्यायचंच असेल आणि रंगाची गरज वर्षातून चारदा पडत असेल, तर काळा लेझर घ्या. टोनर वर्षानुवर्षं सुकत नाही, पानामागे खर्च कमी, आणि पिवळ्या ठिपक्यांचा विषयच नाही. या संपूर्ण लेखातला सर्वांत सोपा उपाय हाच आहे.

पायरी ५ : संगणक आणि प्रिंटरच्या पोटातल्या नोंदी

ठिपक्यांच्या भीतीने झोप उडालेल्या माणसाच्या प्रिंटरचं अंतर्गत पान उघडलं, तर त्यात गेल्या महिन्याभराच्या फाइलींची नावं सापडू शकतात. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातलाच प्रकार, फक्त उलटा: भांडं लपवलं आणि ताक अंगणात सांडलं.

प्रिंटर वाय-फायवर असेल तर त्याचा आयपी पत्ता ब्राउझरमध्ये टाका. बहुतेक यंत्रांचं स्वतःचं सेटिंगचं पान उघडतं. तिथे आधी अॅडमिन पासवर्ड बदला. मग कामांची यादी किंवा लॉग असा विभाग शोधा. वापरकर्त्याचं नाव, फाइलचं नाव, वेळ, पानं असं तिथे दिसलं तर पुसा आणि साठवणं बंद करता येत असेल तर करा. फाइलचं नाव छपाईच्या कामाबरोबर प्रिंटरपर्यंत जातं, म्हणून 'राजीनामा-अंतिम' या नावाची फाइल छापण्याआधी तिला साधं नाव दिलेलं बरं. वाय-फाय डायरेक्ट, इंटरनेटवरून छपाई, ईमेलने छपाई यांतलं जे वापरत नाही ते बंद करा. क्लाउडमधून छापताना दस्तऐवज आधी कुणाच्या तरी सर्व्हरवर जातो आणि तिथून तुमच्या टेबलावर येतो. गूगलने आपली क्लाउड प्रिंट सेवा ३१ डिसेंबर २०२० ला बंद केली, पण प्रिंटर कंपन्यांच्या स्वतःच्या अशा सेवा आहेतच.

विंडोजवर प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये प्रगत विभागात 'छापलेले दस्तऐवज ठेवा' अशा अर्थाची एक खूणपेटी असते, ती रिकामी असल्याची खात्री करा. छपाईचा सविस्तर इव्हेंट लॉग विंडोजमध्ये मुळात बंदच असतो, पण कार्यालयाच्या संगणकावर तो सुरू केलेला असू शकतो. मॅक आणि लिनक्सवर छपाईचं काम कप्स नावाची यंत्रणा बघते. ती झालेल्या कामांचा इतिहास ठेवते, आणि कॉन्फिगरेशनमध्ये कामांचा इतिहास व फाइली जपून ठेवण्याचे पर्याय बंद करता येतात. हे एकदा केलं की विसरून गेलं तरी चालतं.

मोठ्या बहुउद्देशीय यंत्रांत हार्ड डिस्क असते आणि तिच्यावर स्कॅन व कॉपी साठतात. घरगुती यंत्रांत सहसा नसते, पण वाय-फायचा पासवर्ड, स्कॅन ईमेल करण्यासाठी दिलेली लॉगिनची माहिती, फॅक्सची नंबरवही हे वीज गेली तरी टिकतं. यंत्र विकण्याआधी किंवा कुणाला देण्याआधी फॅक्टरी रिसेट करा, आणि खात्यातूनही ते काढा. नाहीतर नवा मालक छापेल ते तुमच्या नावाच्या नंबरावर.

पायरी ६ : कागद किंवा स्कॅन दुसऱ्याच्या हाती देण्याआधी

मजकूर महत्त्वाचा असेल आणि कागदाचं रूप महत्त्वाचं नसेल, तर तो पुन्हा टाइप करा. स्कॅन पाठवू नका. पिवळे ठिपके, ड्रमचे ओरखडे, घड्या, हस्ताक्षराच्या खुणा या सगळ्यांतून एका फटक्यात सुटका होते. पत्रकार किंवा संस्थेत काम करणारा असाल आणि कुणी विश्वासाने कागद दिला असेल, तर हे तुमच्यासाठी जास्त लागू आहे, कारण धोका तुमचा नसून देणाऱ्याचा आहे.

स्कॅन द्यावाच लागला तर तो करडा नको, शुद्ध काळा-पांढरा करा. थ्रेशोल्ड असा ठेवा की फिकं सगळं पांढऱ्यात जाईल. नुसता करडा केलेल्या प्रतिमेत पिवळ्याची हलकी छटा उरू शकते. फक्त काळं छापणाऱ्या यंत्रावर फोटोकॉपी काढली तरी पिवळे ठिपके बहुतेकदा गळून पडतात. मात्र रंगीत लेझर यंत्रावर कॉपी काढलीत तर ते यंत्र स्वतःचे ठिपके वर चढवतं. केल्यावर निळ्या चॅनेलची तपासणी पुन्हा करा.

फाइलच्या आतली माहितीही बघा. पीडीएफमध्ये लेखकाचं नाव आणि बनवणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव, स्कॅनच्या किंवा फोटोच्या फाइलमध्ये उपकरणाचं मॉडेल, तारीख असं बरंच काही बसलेलं असतं. आणि काही संस्था प्रत्येकाला दिलेल्या प्रतीत मुद्दाम एखादा शब्द किंवा विरामचिन्ह वेगळं ठेवतात. तिथे ठिपके पुसून काही होत नाही, म्हणून शक्य असेल तेव्हा मूळ वाक्यांऐवजी आशय आपल्या शब्दांत सांगावा.

पायरी ७ : ठिपके झाकणं

रंगीत लेझरवरच छापायचं आहे, तेव्हा पहिला प्रयत्न ड्रायव्हरमध्ये 'फक्त काळा टोनर' निवडून करा. अनेक यंत्रं मग पिवळ्याला हात लावत नाहीत. 'ग्रेस्केल' आणि 'फक्त काळा' हे काही यंत्रांत वेगळे पर्याय असतात, आणि ग्रेस्केलमध्येही रंग मिसळले जाऊ शकतात. म्हणून दोन्ही छापून पायरी २ ने तपासा. मागच्या पायऱ्या शिकून घेतल्या त्या याचसाठी.

रंग लागणारच असेल तर डेडामध्ये मुखवट्याची सोय आहे. ते तुमच्या यंत्रावर एक चाचणीचं पान छापायला लावतं, त्याच्या स्कॅनवरून जाळी नेमकी कुठे पडते ते मोजतं आणि तुमच्या दस्तऐवजात जास्तीचे पिवळे ठिपके घालतं, म्हणजे मूळ संकेत वाचण्यासारखा राहत नाही. कल्पना सुंदर आहे, पण मर्यादाही आहेत. साधनाला ओळखीच्या असलेल्या पद्धतींवरच ते चालतं. कागद यंत्रात जरा तिरका गेला तर मुखवटा सरकतो. आणि मुखवटा लावलेलं पान तपासणाऱ्याला एवढं तरी सांगतंच की इथे कुणीतरी मुद्दाम काहीतरी झाकलं आहे.

पिवळ्या कागदावर छापणं, सगळ्या पानाला फिकी पिवळी पार्श्वभूमी देणं, पिवळं कार्ट्रिज काढून टाकणं हेही सुचवलं जातं. पहिल्या दोन्हींत ठिपके डोळ्यापासून लपतात, पण चांगल्या स्कॅनपासून लपतीलच अशी खात्री मला नाही. तिसऱ्यात बरीच यंत्रं छापायलाच नकार देतात. आणि खूण पिवळ्या ठिपक्यांची नसेलच, तर तिन्हींचा उपयोग शून्य.

मी स्वतः काय केलं ते सांगतो. माझ्या रंगीत लेझरचा अनुक्रमांक मला आता तोंडपाठ आहे, तो कागदावरून वाचताही येतो. कंपनीच्या खात्यातून मी ते यंत्र काढलं, राउटरमध्ये त्याला इंटरनेटवर जायला मनाई केली, आणि रोजच्या कामासाठी शेजारी एक जुना काळा लेझर यूएसबीने जोडून ठेवला. रंगीत यंत्रावर आता फक्त फोटो आणि वाढदिवसाची कार्डं छापली जातात. त्यांच्यावर १५० वेळा माझा नंबर उमटतो, तो खुशाल उमटो.